एका बळीचा भाव

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात मांदेलीच्या वाट्याचा भाव करताना मला हमखास एक आकडा आठवतो: १९.६९. बाबांमुळे हे झालं. ते सांगत, गोलंदाजाची सरासरी म्हणजे बाजारातला भाव. एका बळीपायी किती धावा मोजल्या त्याचा हिशोब. आणि मग विचारत, ‘पॅडीचा भाव सांग बघू.’

पॅडी म्हणजे पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, प्रत्येकी १९.६९ धावांना. म्हणजे सामन्यामागे पावणेपाच बळी. डावात पाच बळी ४२ वेळा, सामन्यात दहा १३ वेळा. आणि कसोटी सामने: शून्य.

बिशनसिंग बेदींचा भाव २१.६९. दोघेही डावखुरे फिरकीपटू, एकाच काळातले, आणि मधे बरोबर दोन धावा. बेदींना उणं ठरवायला मी हे लिहीत नाही. त्यांचे बळी १५६०, कितीतरी परक्या खेळपट्ट्यांवर मिळवलेले. तसा गोलंदाज पुन्हा झाला नाही. एका संघात दोन डावखुरे फिरकीपटू कोण खेळवणार, हेही मला समजतं. पण एकदासुद्धा नाही? हरयाणाच्या राजिंदर गोयल यांचे ७५० बळी, १८.५८ च्या भावाने. त्यांच्याही नावापुढे तेच शून्य. सुनील गावसकरांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात आपल्या आवडत्या खेळाडूंमध्ये शिवलकर आणि गोयल या दोघांवर लिहिलं, तेव्हा बाबांना घरचंच कुणी निवडून आल्यासारखं वाटलं होतं.

१९७२-७३ ची रणजी अंतिम लढत बाबांना तोंडपाठ होती. चेपॉकची खेळपट्टी, समोर तमिळनाडू. मुंबईच्या धावा १५१ आणि ११३. एवढ्यावर कोण जिंकतं? तमिळनाडू ८० आणि ६१. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला आणि मुंबईचं ओळीने पंधरावं विजेतेपद झालं. शिवलकर १६ धावांत ८, मग १८ धावांत ५. चौतीस धावांत तेरा फलंदाज! हा धावफलक मी वाचतो तेव्हा धावा दिसतच नाहीत. दिसतो पुन्हा पुन्हा त्याच टप्प्यावर पडणारा चेंडू, आणि पुढे जावं की मागे राहावं हे न ठरवता आलेला पाय.

आत्मचरित्राला शिवलकरांनी नाव दिलं ‘हा चेंडू दैवगतीचा’. या नावापाशी मी दरवेळी अडखळतो. निवड दैवाच्या हाती असेल, चेंडू नव्हता. ५८९ वेळा दैव एकाच टप्प्यावर पडत नाही. तो चेंडू बोटांचा होता, खांद्याचा होता, शिवाजी पार्कच्या मातीत घातलेल्या उन्हाळ्यांचा होता. त्यांनी तक्रारीचा सूर लावला नाही, म्हणून ती त्यांच्या वतीने मी करतो.

२०१७ मध्ये क्रिकेट मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव दिला, गोयल यांच्यासोबत. ३ मार्च २०२५ ला शिवलकर गेले. त्या दिवशी बाबा असते तर त्यांनी भाव विचारला असता.

कारकिर्दीच्या ओळीत वर्षं आहेत १९६१-६२ ते १९८७-८८. त्या शेवटच्या वर्षावर माझा सगळ्यात जीव आहे. खेळणं थांबवून काही वर्षं झालेली, भारताची टोपी मिळायची आशा कधीच मागे पडलेली, वय सत्तेचाळीस; आणि तरी मुंबईसाठी पुन्हा चेंडू हातात.

आज परतताना किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. ओल्या, घट्ट वाळूवर पोरं टेनिस बॉलने खेळत होती. एक डावखुरा पोरगा तीनच पावलं धावत येऊन चेंडू वर सोडत होता. मी सहा चेंडू मोजले. एकही धाव नाही. मासळीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि त्याच्या पुढच्या षटकासाठी थांबलो.