रॉकचं सोवळं

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदच्या सुरुवातीला मुंबई-पुण्यात लेड झेपेलिन, डीप पर्पल, पिंक फ्लॉइड ऐकत मोठ्या झालेल्या पिढीतला मी एक. या पिढीची स्वतःबद्दलची एक लाडकी समजूत आहे, ती म्हणजे आम्ही बंडखोर होतो. घरात भावगीतं आणि नाट्यपदं चालू असताना आम्ही गिटारींचा कल्लोळ लावला, केस वाढवले, काळे टी-शर्ट घातले, वडीलधाऱ्यांची बोलणी खाल्ली, म्हणजे परंपरेला धक्काच दिला, असं आता पन्नाशी गाठलेले लोक एकत्र जमले की एकमेकांना ऐकवत असतात. मला हे पटत नाही. माझं म्हणणं जवळजवळ उलट आहे. रॉकचे चाहते म्हणून आम्ही जे केलं ते महाराष्ट्रातल्या मुरलेल्या, कर्मठ गानश्रोत्याच्या वळणावरच केलं. ज्येष्ठांपुढे कानाची पाळी पकडणं, घराण्यांचे अभिमान, चीज जशीच्या तशी मांडण्याचा आग्रह, नव्या माणसाकडे संशयाने बघणं, सगळं त्यात आलं. आम्ही बंडखोर कमी आणि सनातनीच जास्त होतो. त्यात लाजण्यासारखं फार नव्हतं. नुकसान मात्र होतं, त्याकडे नंतर येतो.

आधी काळाचा हिशेब बघू. बीटल्स १९७० मध्ये फुटले. ‘डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ चा. जॉन बॉनम सप्टेंबर १९८० मध्ये गेला आणि वर्ष सरायच्या आत झेपेलिनने गाशा गुंडाळला. म्हणजे आमच्या हाती कॅसेटी आल्या तोवर यातले काही बँड मोडलेले होते आणि उरलेल्यांतले मूळ वादक पांगलेले होते. अमेरिकेतल्या रेडिओ स्टेशनांनी ‘क्लासिक रॉक’ हा वेगळा कप्पा पाडला तोही ऐंशीच्याच दशकात, आणि तो वय वाढलेल्या श्रोत्यांना त्यांची जुनी गाणी परत ऐकवण्यासाठी. आम्ही मिसरूड फुटताना त्या कप्प्यात शिरलो. बंड चालू काळातल्या कशाच्या तरी विरोधात असतं. आपल्यापर्यंत पोचायच्या आधीच जे अभिजात ठरून बसलंय त्याच्या मागे लागण्याला बंड म्हणायचं, तर शाळेत ‘तुतारी’ पाठ करणारा प्रत्येक मुलगा बंडखोर ठरेल. प्रत्यक्ष मैफलीही उशिराच आल्या. डीप पर्पल १९९५ मध्ये भारतात आले तेव्हा रिची ब्लॅकमोर बँड सोडून गेला होता आणि त्याच्या जागी स्टीव्ह मोर्स उभा होता. रोलिंग स्टोन्स ब्रेबर्नवर वाजले २००३ मध्ये, मिक जॅगर साठीला टेकलेला असताना. रॉजर वॉटर्सने मुंबईत अख्खा ‘डार्क साइड’ सादर केला तो २००७ मध्ये, आणि बाकीच्या पिंक फ्लॉइडशिवाय. यावर कुणी म्हणेल, ‘द पोलिस’ तर १९८० मध्येच मुंबईत येऊन गेले होते, तेही ऐन भरात. खरंय. पण आमच्या देव्हाऱ्यात पोलिसांना शेवटपर्यंत मागचीच रांग मिळाली. ते अजून ताजे होते, आणि ताजं आमच्या सोवळ्यात बसत नसे.

आमच्यात मान कशाला मिळायचा, हे पाहिलं की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. मान आवाजाला नव्हता, पेहरावाला तर नव्हताच. मान होता माहितीला, आणि ती माहिती वंशावळीची असे. यार्डबर्ड्समधून क्लॅप्टन निघाला, मग जेफ बेक आला, मग जिमी पेज, आणि त्या बँडच्या अवशेषांतून १९६८ मध्ये झेपेलिन कसा उभा राहिला, हे पाठ असायला हवं. डीप पर्पलच्या संचांना तर ‘मार्क वन’, ‘मार्क टू’, ‘मार्क थ्री’ असे क्रमांकच होते. त्यात गिलन आणि ग्लोव्हर कुठल्या मार्कात, कव्हरडेल कुठल्या, आणि सगळ्या मार्कांत टिकलेला एकमेव गडी ड्रमर इयन पेस, हे ज्याला सांगता येईल तो जाणकार. ‘कुणाकडून कुणाला मिळालं’ हा प्रश्न किराणा आणि जयपूर घराण्यांवर रात्र जागवणाऱ्या आजोबांना जितका जिव्हाळ्याचा, तितकाच तो नातवालाही होता. फक्त खांसाहेबांची नावं बदलली होती.

आणि ‘जागा’. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवात जगातला प्रत्येक नवशिका गिटारवाला वाजवतो आणि बहुतेक जण चुकीची वाजवतात. ते पिकने नेहमीचे पॉवर कॉर्ड ओढतात. ब्लॅकमोर तिथे पिक वापरत नाही. चौथ्याच्या अंतरावरचे दोन सूर दोन बोटांनी एकाच वेळी उचलतो, म्हणून त्या चालीला तो कोरडा, टणक ठसका येतो. पिकने एक तार आधी आणि दुसरी नंतर लागते आणि ठसका सांडतो. हा फरक ओळखणारा कान आमच्यात होता आणि तो वाया गेलेला कान नव्हे. तसंच ‘स्टेअरवे टू हेवन’चं. पेजचे दोन मानांच्या गिब्सन गिटारवरचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले, त्यामुळे रेकॉर्डवरचा सोलोही त्याच गिटारवरचा असं नवखा गृहीत धरायचा, आणि त्याला दुरुस्त करणारा कुणीतरी हटकून असायचाच, की बाबा रे, स्टुडिओतला तो सोलो टेलिकास्टरवरचा आहे. या दुरुस्तीत जो आनंद असे, तो ‘हा राग बिलासखानी नाही, कोमल रिषभ आसावरी आहे’ असं बाजूच्या खुर्चीच्या कानात सांगणाऱ्याच्या आनंदाच्याच जातीचा. ऐकण्याच्या साधनाचाही याला हातभार होता. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर एका बाजूला एक अल्बम मावे. ‘डार्क साइड’ पंचेचाळीस मिनिटांच्या आत संपतो म्हणून तो अंगचाच बसायचा. गाणं पुढे ढकलायचं तर टेप झिजायची, म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं. आतल्या कार्डावर बारीक अक्षरात उतरवलेली गाण्यांची यादी चुकली तर ती खोडून लिहिण्यापेक्षा नवं कार्ड करणारे लोक मला माहीत आहेत. असली शिस्त पाळणाऱ्यांना बंडखोर कुठल्या तोंडाने म्हणायचं?

रंगभवनचा पुरावा तर सर्वांत बोलका. धोबीतलावच्या त्या उघड्या नाट्यगृहाने १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ पुढे कित्येक वर्षं सांभाळला. ऑगस्टचा पाऊस, चिखल, कॉलेजांचे बँड, आणि समोर हजारो पोरं. ती पोरं मागत काय होती? ठाऊक असलेली गाणी, ठाऊक तशीच. सोलोतला एखादा सूर गळला तर हुर्यो, हुबेहूब आला तर जल्लोष. बँडने स्वतःचं गाणं काढलं की लोक बटाटेवडा शोधायला उठत. रॉक मशीनसारख्या बँडने १९८८ मध्ये स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम काढला आणि १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं, ही त्या वातावरणात सोपी गोष्ट नव्हती. नकलेची ही रीत आमच्या आधीपासूनची आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकणाऱ्या फारुख बलसाराने पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस सोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ काढला, तोही क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्डची गाणी वाजवण्यासाठीच. नक्कल ही तालीम असते, हे त्याने पुढे फ्रेडी मर्क्युरी होऊन दाखवलं. आमच्यातल्या बहुतेकांची तालीम मात्र तालीमच राहिली.

सर्वांत जोरदार आक्षेप गाण्यांच्या आशयाचा. युद्धविरोध, सत्तेची चीड, शाळेच्या यंत्राला दिलेल्या शिव्या, हे ऐकत वाढलेला मुलगा आतून बदलत नसेल का? इथे पिंक फ्लॉइडच्या १९७९ च्या ‘अनदर ब्रिक इन द वॉल’चं उदाहरण घ्यावंच लागतं. १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेत निकृष्ट, भेदभावाच्या शिक्षणाविरुद्ध शाळांवर बहिष्कार टाकणाऱ्या मुलांनी हे गाणं उचललं आणि तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली. आपल्याकडे हेच गाणं इंजिनीअरिंग कॉलेजांच्या महोत्सवांत, देशातल्या सर्वांत अवघड प्रवेश परीक्षा पार केलेल्या मुलांनी बेंबीच्या देठापासून म्हटलं आणि सोमवारी सगळे प्रॅक्टिकलला हजर झाले. गाणं एकच. बंड गाण्यात नसतं, गाणाऱ्याच्या परिस्थितीत असतं. आणि महाराष्ट्रात ती परिस्थिती नव्हती असंही नाही. डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ आला त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ च्या ठरावापासून १९९४ पर्यंत चालला, म्हणजे आमचं सगळं कॅसेटयुग त्यात मावतं. त्या लढ्याला स्वतःचं संगीत होतं, शाहिरांचं, जलशांचं, डफाचं. ज्यांना खरोखर भिंत पाडायची होती त्यांनी गिटारीची वाट बघितली नाही. आमच्यातल्या जाणकाराला रॉजर वॉटर्सचे वडील १९४४ मध्ये आन्झिओच्या लढाईत पडले हे ठाऊक असायचं. नामांतरात कोण पडलं हे त्याच्या गप्पांत कधी येत नसे.

मग कलकत्त्याचं काय, असं एक चोखंदळ मित्र नेहमी विचारतो. तिथेही हीच रेकॉर्ड, हाच उशीर. तरी सत्तरच्या दशकाच्या मध्यात गौतम चट्टोपाध्याय आणि मंडळींनी ‘मोहीनेर घोडागुली’ काढला आणि बंगालीत, बाउलांच्या सुरांना हाताशी धरून, स्वतःच्या शहराबद्दल गाणी केली. आक्षेप योग्य आहे, पण तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. गौतमबाबू नक्षलवादी चळवळीची धग सोसून आलेले होते. त्यांना सांगायचं काहीतरी होतं आणि बँड हा त्यासाठी मिळालेला एक मार्ग होता. मराठीत त्या काळात त्या तोडीचं नाव नाही. आमच्याकडे सांगायचं असणारे आणि गिटार असणारे वेगवेगळ्या वस्त्यांत राहत होते. गिटार, डेक, परदेशातून कॅसेट आणणारे काका आणि रात्री उशिरा घरी आलं तरी चालेल अशी मोकळीक एका विशिष्ट घरातल्या, विशिष्ट जातवर्गातल्या मुलालाच होती. मुलीला तर तीही नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

उरला शेवटचा आक्षेप, तो दुसऱ्या टोकाचा: हे सगळं साहेबाची नक्कल होतं, त्यात होतं काय? हा मला पहिल्या समजुतीपेक्षा जास्त चुकीचा वाटतो. मराठी माध्यमातल्या मुलाला यातले शब्द धड कळत नव्हते, हे त्याच्याविरुद्ध सांगितलं जातं. ख्यालातले ब्रज शब्द तरी दादर-गिरगावच्या श्रोत्याला कुठे कळत होते? त्यावाचून भीमसेन अडले नाहीत. शब्द सुटले की कान मोकळा होतो आणि बांधणीकडे जातो. पिंक फ्लॉइडच्या ‘मेडल’ या १९७१ च्या अल्बमची अख्खी दुसरी बाजू व्यापणारं ‘एकोज’ तेवीस मिनिटांहून मोठं आहे. जेथ्रो टलचा ‘थिक ॲज अ ब्रिक’ तर दोन्ही बाजू मिळून एकच रचना. विलंबितात सूर हळूहळू उलगडताना थांबून राहण्याची सवय ज्या समाजाला आहे, त्याच्या पोरांनी तीन मिनिटांची पॉप गाणी सोडून हेच लांबलचक प्रकार निवडावेत, याला मी नक्कल म्हणणार नाही. ती निवड होती, आणि आपल्या जातिवंत कानाने केलेली. बंडाचं खोटं पदक काढून घेतलं तर आमच्याकडे हे उरतं, आणि ते कमी नाही.

पण सोवळ्याला नेहमीच एक आंधळी बाजू असते आणि आमचीही होती. वंशावळीचा एवढा हव्यास असलेल्या आम्हाला आमच्याच गावातली शाखा दिसली नाही. जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं. त्यातून ‘द इनर लाइट’ आणि ‘वंडरवॉल म्युझिक’चा भारतीय भाग तयार झाला. एखाद्या बीटलच्या एकट्याच्या नावावरचा तो पहिला अल्बम. पेज आणि प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले आणि इथल्या वादकांबरोबर ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ पुन्हा वाजवली. ते मुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं, त्यामुळे त्याबद्दल माफी आहे. हॅरिसनच्या अल्बमबद्दल नाही, तो १९६८ पासून जगासमोर होता. त्याच्या श्रेयनामावलीत संतूरवर शिवकुमार शर्मा आहेत, शहनाईवर शरद आणि हनुमान जाधव, बासरीवर एस. आर. केंकरे. डीप पर्पलच्या तिसऱ्या मार्कात बास कोण वाजवतो यावर हमरीतुमरीवर येणाऱ्यांच्या तोंडी केंकऱ्यांचं नाव मी कधीच ऐकलं नाही. ग्लेन ह्यूजचं मात्र त्यांना जन्मगावही सांगता येईल.