खरेदीखतावर नाव कुणाचं?

घर बघायला गेलं की आपण बायका काय बघतो? ओटा केवढा, नळाला पाणी कितव्या दिवशी, गच्चीत कुरडया वाळतील का. त्यात चूक काही नाही, त्या घरात दिवसाचे चौदा तास आपल्यालाच काढायचे असतात. पण मैत्रिणींनो, कागदांची पिशवी उघडली की आपण चहा टाकायला आत उठून जातो ना, तेवढं मात्र करू नका. चहा नंतरही होतो.

आम्ही हिंगोलीत बारा वर्षं भाड्यानं राहिलो. हे एका कार्यालयात कारकून, मी एका शाळेत तासिकेवर शिकवते. २०२४ साली घरं बघायला लागलो आणि त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमाराला जमीन हलली. ४.५ रिश्टरचा धक्का. फळीवरचे डबे वाजले, मुलांना ओढत अंगणात आले. मराठवाड्यातल्या माणसाला अशा वेळी १९९३ चं किल्लारी आठवतंच. त्यानंतर कुठल्याही घरात शिरले की मी आधी विचारायची, "कॉलम-बीम आहेत का, की नुसत्या भिंतींवर स्लॅब?" दलाल ह्यांच्याकडे बघून हसायचा. हसू दे. सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, तेव्हा पसंत पडलेलं एक घर मुद्दाम भर पावसात जाऊन पाहिलं. दारात गुडघाभर पाणी. ते इतकं स्वस्त का, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

शेवटी एक रो-हाऊस ठरलं, चोवीस लाखांना. जमीन अकृषिक झाली आहे की नाही, हे आधी बघितलं. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो. त्यातला 'इतर हक्क' हा रकाना स्वतः वाचावा, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथे कळतो. वकिलांकडून मागच्या तीस वर्षांचा शोध घेतला. दुसरा एक जण निम्म्या खर्चात मुखत्यारपत्रावर घर द्यायला तयार होता. नुसत्या मुखत्यारपत्रानं मालकी येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ सालीच सांगितलंय, तेव्हा त्या वाटेला गेलोच नाही.

खरी चर्चा पुढेच झाली. खरेदीखतावर नाव कुणाचं?

कर्ज ह्यांच्या पगारावर, म्हणून नाव ह्यांचं, असं सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. मग कुणीतरी सांगितलं की घेणारी एकटी बाई असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. खरं आहे. राहत्या घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात ही सवलत आहे. आधी पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येत नसे, ती अटही २०२३ मध्ये निघाली. चोवीस लाखांचे चोवीस हजार वाचणार! झालं, घरात एकदम सगळ्यांना माझ्या नावाचा पुळका आला. मला मनातून हसू येत होतं आणि थोडं लागतही होतं. बारा वर्षांच्या संसारानं जे सुचवलं नाही, ते चोवीस हजारांनी सुचवलं.

पण सूट एकट्या बाईलाच, नवऱ्याचं नाव जोडलं की गेली. शिवाय जुन्या पद्धतीनं कर भरणाऱ्याला कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, पण त्यासाठी त्याचं नाव घराच्या मालकीत असावं लागतं. रात्री पोळ्या उरकून आम्ही वही घेऊन बसलो. हे पंधरा वर्षं हप्ते भरणार आणि कागदावर कुठेच नाहीत, हेही मला बरं वाटेना. आणि ह्यांचंच एकट्याचं असलं तर माझी मोहनमाळ आणि पाटल्या कुठे गेल्या म्हणायच्या?

दागिने मी मोडले, पण ते पैसे ह्यांच्या हातात दिले नाहीत. सराफाकडून माझ्या खात्यात घेतले आणि घरमालकाला माझ्या सहीचा चेक दिला. ह्यात अविश्वास नाही बरं का. दोघांच्या नावावर घर असलं आणि दस्तात हिस्सा लिहिलेला नसला, तर ज्यानं जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा धरला जाऊ शकतो. मग आपले पैसे कागदावर दिसायला नकोत का? आम्ही तर हिस्साही लिहून घेतला, निम्मा-निम्मा. सूट सोडली. माझी जाऊ अजून म्हणते, "चोवीस हजारात फ्रीज आणि वॉशिंग मशीन आलं असतं!" येईल तेव्हा येईल.

सासूबाई काय म्हणतील, ह्याची मला धास्ती होती. त्यांचं सगळं आयुष्य सेनगावकडच्या शेतावर गेलं, खुरपणीपासून सोयाबीनच्या राशीपर्यंत. त्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझं नाव सातबाऱ्यावर लागलं ते तुझे सासरे गेल्यावर, वारस म्हणून. ते असताना कुणाला सुचलं नाही बघ. तू आत्ताच लावून घे." ह्यांनी वही मिटली. त्या रात्री पुढे कुणी काही बोललं नाही.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फोटो काढला, अंगठा घेतला, अर्ध्या तासात मोकळे झालो. दस्तातलं आपलं नाव आधारकार्डाप्रमाणे आहे का, ते सही करण्याआधीच वाचा. माझ्यात काना राहिला होता, तिथेच दुरुस्त करून घेतला.

आणि एक. दस्त झाला म्हणून नगरपालिकेत आपोआप नाव लागलं, असं धरून बसू नका. परवा घरपट्टीची पावती आली ती अजून जुन्या मालकाच्याच नावानं. सोमवारचे माझे पहिले दोन तास एका बाईंना घ्यायला सांगितलेत. दस्ताची प्रत आणि दोघांची आधारकार्डं पिशवीत भरून ठेवली आहेत.