धरणे आणि सोडणे

वेगाचे आकर्षण कोणाला नसते? चौखूर उधळणारा घोडा, धनुष्यातून सुटलेला बाण, घाटातून उतरणारी आगगाडी यांच्याकडे लहानथोर सारेच टक लावून पाहतात. पण वेगाला आवर घालणाऱ्या साधनाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मोटारसायकलीचा शौकीन तिच्या इंजिनाविषयी तासभर बोलेल. ब्रेकची आठवण मात्र त्याला ब्रेक लागेनासा झाला म्हणजेच होते.

ज्या खेळात ही आठवण फार महाग पडते, असा एक खेळ आहे. त्याचे नाव मोटोक्रॉस. ओबडधोबड माळ, निसरडा चिखल, अवघड उतार आणि गाडीला हवेत उडविणारे उंचवटे यांवरून मोटारसायकली पळवावयाच्या, अशी ही शर्यत. १९२४ साली इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे अशी एक शर्यत भरली आणि पुढे हा खेळ युरोपभर पसरला. १९५७ पासून त्यात जागतिक अजिंक्यपद देण्यात येऊ लागले. त्या काळी चेकोस्लोव्हाकिया नावाचा जो देश होता, तेथील स्ट्राकोनित्से गावच्या सीझेड कारखान्याने या खेळात मोठे नाव मिळविले. १९६४ साली बेल्जियमचा ज्योएल रोबेर हा २५० सीसी गटात जगज्जेता झाला, तो सीझेड गाडीवर बसूनच. तेव्हा त्याचे वय अवघे वीस वर्षांचे होते. याच देशातील जावा मोटारसायकली १९६१ पासून म्हैसूर येथेही तयार होऊ लागल्या. त्या व त्यांच्यामागून आलेल्या येझदी गाड्या महाराष्ट्रातील कित्येक आजोबांच्या चांगल्या परिचयाच्या आहेत.

या जुन्या गाड्यांच्या मागील चाकाचा ब्रेक दिसावयास अगदी साधा असतो. चाकाच्या मध्यभागी एक पोकळ ड्रम असतो. त्याचे तोंड एका धातूच्या तबकडीने झाकलेले असते. तबकडीच्या आतल्या बाजूस अर्धचंद्राकृती दोन ब्रेक-शू बसविलेले असतात. त्या दोहोंच्या टोकांमध्ये एक चपटा पोलादी तुकडा असतो; त्याला कॅम म्हणतात. कॅमची दांडी तबकडीतील छिद्रातून बाहेर येते आणि तेथे तिला एक तरफ जोडलेली असते. पायाने पेडल दाबले की तरफ ओढली जाते, दांडी किंचित वळते, आडवा असलेला कॅम उभा होतो आणि दोन्ही शू पसरून ड्रमच्या आतील भिंतीला घट्ट भिडतात. पाय काढला की स्प्रिंगा त्यांना पुन्हा आत ओढून घेतात. एवढेच याचे सारे कार्य. धरावयाचे आणि सोडावयाचे!

चिखलातील शर्यतीत स्वाराचा मोठा भरवसा या मागच्या ब्रेकवर असतो. निसरड्या उतारावर पुढचे चाक अडकले तर गाडी तत्काळ घसरते आणि स्वार तोंडघशी पडतो. म्हणून तो पुढचा ब्रेक जपून वापरतो. फार काय, गाडी हवेत असतानाही मागचा ब्रेक उपयोगी पडतो! उंचवट्यावरून उडालेल्या गाडीचे पुढचे चाक फार वर उचलले गेले, तर स्वार मागचा ब्रेक दाबतो. फिरणारे चाक थांबते, त्याच्या फिरण्याचा जोर साऱ्या गाडीला मिळतो आणि तिचे तोंड खाली येते. असा हा ब्रेक ऐन वेळी लागला नाही, अथवा लागल्यावर सुटला नाही, तर काय अनर्थ होईल, हे सांगावयास नकोच.

आणि नेमका हाच भाग जुन्या गाडीत जाम झालेला असतो. तो जाम होतो कसा? गाडी वर्षानुवर्षे कोठारात उभी राहते. कॅमच्या दांडीला लावलेले ग्रीज वाळून मेणासारखे घट्ट होते. जुन्या शर्यतींतील चिखलपाणी छिद्रात शिरलेलेच असते. दांडी पोलादाची, तर तबकडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. ओलाव्यात या दोन धातूंचा सहवास चांगला नसतो. पोलादावर तांबूस गंज चढतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते. छिद्र मात्र तेवढेच राहते. परिणामी दांडी तेथे पाचरीसारखी आवळली जाते. आश्चर्य असे की, ज्या गाडीला अनेक शर्यतींनी जायबंदी केले नाही, तिला स्वस्थपणे उभे राहण्याने जायबंदी केलेले असते.

स्ट्राकोनित्सेजवळच्या एखाद्या खेड्यातील असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. जुन्या गाड्यांची शर्यत रविवारी आहे. आजोबांच्या तरुणपणीची सीझेड गाडी घेऊन थोरला नातू टेकडी उतरणार आहे. आजोबा कोठारात बसून मागचे चाक उघडीत आहेत आणि बारा वर्षांची नात शेजारी उभी आहे. ड्रम उघडण्यापूर्वी आजोबांनी तिला दाराबाहेर पाठविले आणि स्वतःच्या नाकातोंडावर जाळीचा मुखवटा चढविला. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू असत. त्यांची धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेली, तर पुष्कळ वर्षांनी कर्करोगासारखे दुर्धर रोग होऊ शकतात. म्हणून ती धूळ फुंकावयाची नसते. पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने टिपून घ्यावयाची असते. सारे स्वच्छ झाल्यावरच नातीला आत येण्याची परवानगी मिळाली.

तबकडी सुटी झाली, पण कॅमची दांडी तसूभरही हलेना. नातू उतावीळ झाला. “आजोबा, हातोडीचा एक घाव घाला की! निघेल लगेच.”

“निघेल खरी,” आजोबा म्हणाले, “पण येताना तबकडीला तडा पाडून येईल. कारखान्यात या गाड्या तयार होण्याचे केव्हाच थांबले. मग नवी तबकडी कोठून आणशील?”

त्यांनी प्रथम तरफ व दांडी यांवर समोरासमोर दोन खुणा केल्या. पुन्हा जोडताना तरफ आपल्या मूळ जागीच बसावयास हवी होती. नंतर तरफ काढून फटीत गंज सोडविणारे पातळ तेल थेंबथेंब सोडले आणि त्या रात्रीपुरते काम थांबविले. केसाहून बारीक भेगेतही तेल आपोआप झिरपत जाते; त्याला हवा असतो केवळ अवधी. सकाळी त्यांनी तबकडी उकळत्या पाण्यात ठेवली. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे छिद्र दांडीपेक्षा किंचित अधिक रुंदावते. मग तबकडी लाकडी ठोकळ्यांवर नीट टेकवून त्यांनी मोगरीने दांडीवर हलके ठोके दिले, पान्याने ती जरा उजवीकडे, जरा डावीकडे वळविली, पुन्हा तेल सोडले, पुन्हा तबकडी तापविली. असे किती वेळा झाले, याची नातीने मोजदाद सोडून दिली. अखेर बारीकसा ‘कर्र’ असा आवाज झाला आणि दांडी फिरली!

दांडी व छिद्र बारीक पॉलिश कागदाने घासून स्वच्छ करण्यात आली. ग्रीज लावले ते बोटाच्या टोकाला लागेल तेवढेच. अधिक लावले, तर ते उष्णतेने वितळून अस्तरांवर उतरते आणि ब्रेक निसटू लागतो. नवी अस्तरे लावलेले शू बसले, चाक जागेवर चढले. पेडल हलकेच दाबून धरून आजोबांनी आसाचा नट आवळला, म्हणजे शू ड्रमच्या बरोबर मध्यावर राहतात. नातवाने पेडल दाबले. चाक जागच्या जागी थांबले. तो आनंदाने ओरडला, “लागला! चला, झाले काम.”

नात मात्र चाकाकडे पाहत होती. ती म्हणाली, “दादा, तू पाय काढलास, तरी चाक मोकळे फिरत नाही. पेडल हळूहळू वर येते आहे.”

आजोबांनी खाली वाकून पाहिले. पेडल ज्या खिट्टीवर फिरते, तीही गंजली होती. तिकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते. शनिवारची संध्याकाळ होत आली होती. नातवाचा चेहरा उतरला. “एवढ्याशा गोष्टीने काय बिघडते, आजोबा? ब्रेक लागतो ना?”

“लागलेला ब्रेक सुटला नाही, तर शू घासत राहतात, ड्रम तापतो आणि उतारावर हवी असलेली पकड नाहीशी होते,” आजोबा शांतपणे म्हणाले. “ही खिट्टी मोकळी झाल्यावाचून गाडी या दाराबाहेर जाणार नाही.” आणि त्यांनी पुन्हा पाना हाती घेतला. रात्री उशिरा नातीने चाकाला हाताने गती दिली. पेडल दाबताच ते थांबले, सोडताच पेडल टचकन वर आले आणि चाक पुन्हा हाताच्या एका धक्क्याने फिरू लागले.

यंत्रे मनुष्याला पुष्कळ काही शिकवितात. न वापरलेली शक्ती गंजते, हे त्यांपैकी एक. अडलेल्या ठिकाणी हातोडीपेक्षा तेलाचा थेंब आणि रात्रभराचा धीर अधिक काम करून जातो, हे दुसरे. आणि तिसरी गोष्ट त्या मुलीने आपल्या डोळ्यांनी पाहिली: चांगला ब्रेक वेळेवर धरतो आणि वेळेवर सोडतोही. उतारावर सुटलेल्या स्वाराला या दोहोंचाही सारखाच आधार असतो. शर्यत पाहणारे लोक स्वाराचे नाव घेतात, गाडीचे नाव घेतात. चाकाच्या पोटात दडलेल्या बोटाएवढ्या पोलादी दांडीचे नाव कोणी घेत नाही. पण टेकडीच्या पायथ्याशी स्वार सुखरूप पोहोचतो, तेव्हा त्यात तिचाही मोठा वाटा असतो.