चिन्नोरची चुरणी

नाताळाच्या आधीचा शनिवार-रविवार म्हणजे बालाघाट जिल्ह्यातल्या आमच्या वारासिवनी भागात माणसांची आणि भाऱ्यांची एकाच वेळी गर्दी. नागपूरला नोकरीला असलेला मुलगा रजा जोडून येतो, नणंदबाई गोंदियाहून लेकरं घेऊन येतात, जवळपासच्या एखाद्या गावात मंडईची जत्रा असते, सोसायटीच्या खरेदी केंद्रावर धानाची मोजणी चालू असते. आणि नेमकं तेव्हाच आमचं सुवासिक चिन्नोर धान चुरणीला, म्हणजे मळणीला येतं.

साधं धान त्याआधीच मोकळं झालेलं असतं. चिन्नोर पाच महिन्यांहून जास्त बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात राहतं, उंच वाढतं, युरिया जरा जास्त पडला की लोळतं, आणि पिकतंही कमी. सरकारी हमीभावात धानाचे दोनच वर्ग, साधारण आणि ए ग्रेड. २०२४-२५ मध्ये साधारण धानाला क्विंटलमागे २३०० रुपये होते. सुवासाला तिथे वेगळा भाव नाही. म्हणून चिन्नोर लावणाऱ्याला तांदूळ करूनच विकावा लागतो, आणि तांदूळ कसा निघणार हे कापणीनंतरच ठरतं.

धान कडक उन्हात घाईने वाळवलं की दाण्याचा वरचा थर आकसतो, आतला गर ओलाच राहतो, आणि दाणा मधोमध तडकतो. उलटंही होतं. वाळलेल्या धानावर रात्री दव पडलं की दाणा पुन्हा ओल पितो, फुगतो आणि तडकतो. तूस अंगावर आहे तोवर ही तडक दिसत नाही. गिरणीतून अख्ख्या तांदळाऐवजी कणी पडायला लागली की कळतं, आणि तेव्हा हातात काही उरत नाही. डिसेंबरात इथे दुपारी चांगलं ऊन आणि पहाटे तणसावरून निथळणारं दव, दोन्ही एकाच दिवशी. त्यामुळे कापलेले भारे आम्ही उघड्यावर पसरून ठेवत नाही. लोंबा आत, बुडखे बाहेर असा पुंजणा रचतो. आतल्या लोंबांना दव लागत नाही, ऊनही थेट लागत नाही. दाणा आपल्या चालीने वाळतो.

पुंजणा कधी मोडायचा हे सासूबाई ठरवतात. अशाच एका शनिवारी सकाळी मळणीचा मशीनवाला दारात येऊन उभा राहिला. त्याला पुढे दोन खळी करायची होती.

“लावू का जी, वहिनी?”

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पुंजण्यात कोपरापर्यंत हात घातला, मधली एक लोंब ओढून काढली, दाणा तुसातून सोलला आणि दाढेखाली धरला. वाळलेला दाणा कट्कन तुटतो. ओला आधी दबतो, मग तुटतो.

“मधात नरम आहे अजून. उद्या दुपारी ये बाबू, दव उतरल्यावर.”

केंद्रावर १७ टक्के ओलाव्यापर्यंत धान चालतं. गिरणीला ते १४च्या आसपास हवं. यंत्राने मोजून पाहायला माझी हरकत नाही, आम्ही मोजतोही. पण यंत्रात मूठभर दाण्यांची सरासरी येते. पुंजण्याच्या पोटात काय चाललंय ते हात घातल्याशिवाय कळत नाही.

अशा अडलेल्या दिवसाचा उपयोग बियाण्याला होतो. चिन्नोरच्या भाऱ्यांत एखादी भेसळ लोंब असतेच: दाणा लांबट, किंवा रंग वेगळा. नणंदबाई आणि मी अंगणात बसून एकसारख्या, भरलेल्या लोंबांच्या पेंढ्या बांधल्या. बियाणं मशीनमध्ये घालत नाही. ड्रमच्या माराने अंकुराला इजा होते. पेंढी पाटावर आपटायची, सुपाने पाखडायची. लेकरांना बांधीत लाखोळीचे कोवळे शेंडे खुडायला पाठवलं. उभ्या धानात फेकलेली लाखोळी आता हिरवीगार झाली होती. संध्याकाळी तीच भाजी आणि तांदळाचे आयते, म्हणजे धिरडी. शाळेत हिंदी शिकणारी आमच्या घरची पोरं आजीजवळ चुलीशी बसली की आपोआप मराठी बोलायला लागतात, हे मला दरवेळी सुखावतं.

रविवारी दुपारी मशीन लागलं. धूळ, तणसाची गंजी, पोत्यांची तोंडं शिवणं, सगळं एका झपाट्यात. त्यातच बालाघाटच्या एका बाईंचा फोन आला. त्या शिक्षिका आहेत, नाताळाच्या पुलावासाठी दरवर्षी आमच्याकडून तांदूळ नेतात. त्यांना नवा तांदूळ हवा होता, वास ताजा म्हणून. मी मागच्या हंगामाचा दिला. नवा चिन्नोर चिकट शिजतो. खिरीला उत्तम, पुलावाला नाही.

२०२१ मध्ये बालाघाटच्या चिन्नोरला जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून विचारणा वाढली. नाताळात कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की फाटकाकडे जाणाऱ्या नागपूरच्या गाड्याही थांबून चौकशी करतात. बहुतेक जण पांढरेपणा पाहतात. माझं सांगणं आहे, घासून पांढरा केलेला तांदूळ बघू नका. मूठभर तळहातावर पसरा, त्यात कणी किती ते पाहा, धान कसं वाळवलं ते विचारा. ज्याने वाळवलं असेल तो सांगेल.