दोरी सोडा, घड्याळ लावा!

दोरी! महासागराचा तळ माणसाने दोरीने चाचपला, हे मला इतक्या उशिरा कळावं? 'चॅलेंजर' जहाजाच्या सफरीचं वर्णन हाती लागलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. भेटेल त्याला पकडून सांगतोय.

21 डिसेंबर 1872. ब्रिटिश नौदलाची ही युद्धनौका पोर्ट्समथहून निघाली, तीही बहुतेक तोफा उतरवून! त्या जागी प्रयोगशाळा. शास्त्रज्ञ वायव्हिल थॉमसन आणि त्यांचे सहकारी 1876 पर्यंत जगभरचे समुद्र पालथे घालत होते.

आता दोरीचं ऐका. टोकाला लोखंडी वजनं बांधून ती सोडायची. पण तळ लागला हे कळणार कसं? हजारो वाव दोरीचा भारच एवढा, की वजन टेकलं तरी ती आपली सुटतच राहते! म्हणून घड्याळ घेऊन उभं राहायचं. दर शंभर वावांची खूण पाण्यात जायला किती वेळ लागला ते टिपायचं. तो वेळ एकदम लांबला की समजायचं, टेकलं! वजनं खालीच सुटायची आणि नळी तळाचा गाळ घेऊन वर यायची. 23 मार्च 1875 ला मारियाना बेटांजवळ दोरी गेली 4,475 वाव, म्हणजे सुमारे 8,184 मीटर. कळसूबाईवर कळसूबाई अशा जवळजवळ पाच!

आणि तो बुकानन! जहाजावरचा रसायनतज्ज्ञ. साक्षात जीवशास्त्रज्ञ हक्स्लीने 1868 मध्ये जुन्या गाळाच्या बाटल्यांत जेलीसारखा आदिम जीव 'शोधला' होता, त्याला नावही दिलं होतं. बुकाननने दाखवलं की नमुना टिकावा म्हणून घातलेल्या अल्कोहोलमुळे समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम सल्फेट खाली बसतं, तोच हा 'जीव'. हक्स्लीने ते मान्यही केलं. काय माणसं!

खलाशी मात्र कंटाळले. तळावरून काय आलं ते बघायला सुरुवातीला सगळे धावायचे, पुढे पुढे कोणी फिरकेना. मी तर जेवण टाकून धावलो असतो.

कारण वर काय यायचं? बटाट्याएवढे काळे गोळे, मँगनीजचे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने 1981 मध्ये असेच गोळे आपल्याकडे वर काढले. दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढणारे हे गोळे, आणि एखादा फोडला तर गाभ्यात चक्क शार्कचा दात!