हॅनलान्स पॉइंटवर मेहकरच्या बाई

जुलैतल्या रविवारी टोरंटोच्या फेरी धक्क्यावर बेटांकडे जाणाऱ्यांची झुंबड उडते. छत्र्या, सायकली, कडेवरची पोरं. त्याच रांगेत सुती पंजाबी ड्रेस घातलेल्या मेहकरच्या एक निवृत्त शिक्षिका लेकीबरोबर उभ्या होत्या. कुठं जायचंय ते लेकीनं आदल्या रात्रीच सांगून टाकलं होतं. "आई, तिथं काही लोक कपड्यांशिवाय असतात. नको वाटलं तर दुसऱ्या किनाऱ्यावर जाऊ." बाईंनी रात्री विचार केला आणि सकाळी उठून थर्मासमध्ये चहा भरायला घेतला.

बेटाच्या पश्चिम टोकाला हॅनलान्स पॉइंट आहे. नेड हॅनलान या एकोणिसाव्या शतकातल्या जगज्जेत्या नौकापटूच्या घराण्याचं हे नाव. धक्क्यावरून थोडं चालत गेलं, की झाडी विरळ होते, वाळूच्या टेकड्या लागतात आणि समोर ओंटारिओ सरोवर पसरलेलं दिसतं. शहराचे उंच मनोरे पाठीमागे झाडांआड जातात. शेजारच्या छोट्या विमानतळावरून मधूनच एखादं विमान घरघरत उठतं, तेवढीच शहराची आठवण. इथं १८९४ ते १९३० या काळात विवस्त्र पोहण्याला परवानगी होती. मग ती गेली. १९९९ मध्ये महापालिकेनं किनाऱ्याचा एक पट्टा पुन्हा 'कपडे ऐच्छिक' म्हणून प्रयोगादाखल खुला केला आणि २००२ मध्ये तो कायम केला.

ऐच्छिक म्हणजे कपडे घालायचीही मुभा. बाईंनी फक्त चपला काढल्या.

पहिली काही मिनिटं त्यांनी नजर पाण्यावर खिळवून ठेवली. नंतर ती आपोआप सैल झाली, कारण आजूबाजूला कोणीच कोणाकडे पाहत नव्हतं. ढेरपोटे आजोबा, बाळंतपणाच्या खुणा पोटावर असलेल्या बाया, हाडकुळी तरुण पोरं. काही पूर्ण उघडी, काही पोहण्याच्या कपड्यांत. थोड्या अंतरावर साठीची एक बाई पालथी पडून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होती आणि तिची मैत्रीण तिच्या पाठीला सनस्क्रीन चोळत होती. ती उठून बसली तेव्हा दिसलं, की तिला डावा स्तन नव्हता. तिथं काखेपर्यंत गेलेली शस्त्रक्रियेची पांढरी रेघ होती. तिनं पेन दातांत धरलं, पाणी प्यायली आणि पुन्हा कोड्याला लागली.

बाईंच्या थोरल्या बहिणीचंही असंच ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर तिनं सख्ख्या बहिणीसमोरही कधी पदर ढळू दिला नाही. बाई बराच वेळ त्याबद्दल लेकीशी बोलत राहिल्या. घरात इतक्या वर्षांत हा विषय कधी निघालाच नव्हता.

उघडं शरीर मेहकरकरांना अनोळखी आहे असं नाही. जवळच्या शिरपूर जैनकडे विहार करणारे दिगंबर मुनी रस्त्यानं निघाले, की लोक वाकून नमस्कार करतात. नाशिकच्या सिंहस्थात नागा साधूंच्या शाहीस्नानाला लाखो माणसं जमतात. पण ती वैराग्याची नग्नता. संसारी माणसानं, त्यातही बाईनं, निव्वळ उन्हाच्या नि पाण्याच्या सुखासाठी कपडे उतरवणं आपल्या समाजाला अजून पेलत नाही. भारतात असा एकही अधिकृत किनारा नाही. साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पींनी गोव्यातल्या हणजुण्याच्या वाळूत ही मोकळीक घेतली, तरी कायद्यानं ती कधीच दिली नाही. अभिनेते मिलिंद सोमण २०२० मध्ये आपल्या पंचावन्नाव्या वाढदिवशी गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावले आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला.

आणि तरीही हा विचार मराठीत फार आधी मांडला गेला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्रं छापली. शरीरात अश्लील काही नाही, असं ते ठामपणे सांगत राहिले. खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्यांनी चालवलं. कर्वे ज्याच्यासाठी भांडले, ते हॅनलान्स पॉइंटच्या वाळूत रोजच्या व्यवहारासारखं चाललेलं होतं.

या मोकळिकीला शिस्तीचा मोठा आधार आहे. टक लावून पाहायचं नाही, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, एकट्या बाईच्या टॉवेलाशेजारी जाऊन बसायचं नाही. उन्हं कलायला लागली तेव्हा बाई सलवार गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाण्यात उतरल्या. जुलै असूनही पाणी गार होतं.

मेहकरला परतल्यावर भिशीत त्यांनी हे सगळं सांगितलं. पहिला प्रश्न फोटोंचा आला. दुसरा, "बाया एकट्या जातात का तिथं?" जातात, बाई म्हणाल्या, पुस्तक घेऊन दिवसभर पडून राहतात. मग सत्तरी ओलांडलेल्या एकीनं लहानपणीची पैनगंगा काढली. सकाळी बायकांच्या धुण्या-आंघोळीची वेळ असली, की पुरुष त्या बाजूला फिरकत नसत, म्हणाली. दुसरीला ते पटलं नाही. तिच्या आठवणीतली नदी वेगळी होती. तिथून वाद जो सुरू झाला, तो चिठ्ठी काढायची राहिली तरी थांबेना.