किल्टच्या अस्तरातला शिक्का

१/ अ‍ॅबर्डीनमध्ये शिकत असताना माझ्या वृद्ध घरमालकीणबाईंनी एकदा पेटीतून एक किल्ट काढून माझ्यापुढे ठेवला. "माझ्या आजोबांचा. १९१५ साली लूसच्या लढाईत ते पडले. तुला जुन्या लष्करी वस्त्रांचा नाद आहे ना? मग पाहून सांग."

२/ प्रथम पाहाव्यात त्या चौकटी. गडद निळा, हिरवा आणि काळा हा 'गव्हर्नमेंट' टार्टन. तो निव्वळ असेल तर ब्लॅक वॉच, त्यावर तांबड्या-पांढऱ्या रेघा असतील तर सीफोर्थ, पिवळी रेघ असेल तर गॉर्डन हायलँडर्स. येथे पिवळी होती. परंतु एवढ्यावर निकाल देऊ नये, कारण हेच कापड नागरी बाजारातही मिळते.

३/ म्हणून चुण्या पाहाव्यात. नागरी किल्ट बहुधा असा शिवतात की मागूनही चौकटींची नक्षी अखंड दिसावी. गॉर्डन सैनिकाच्या किल्टमध्ये मात्र प्रत्येक चुणीवर एकच पिवळी रेघ येते. येथे त्या रेघा कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या दिसत होत्या. किल्ट सैनिकाचाच होता.

४/ आता काळ. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या किल्टला कापड कमी आणि चुण्या रुंद असत. १८८१ साली ७५ व ९२ क्रमांकांच्या पलटणी एकत्र होऊन गॉर्डन हायलँडर्स झाली, तेव्हा शिक्क्यावर जुना क्रमांक की नवे नाव, हेही बोलके असते. रंगाच्या फिकेपणावर मात्र विसंबू नये. ऊन आणि धुणे कोणत्याही कापडाला म्हातारे करतात.

५/ अखेर कमरेचे अस्तर उलटले. तेथे तीन रेघांचा बाण होता, ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. (असे दोन बाण टोकाला टोक भिडवून असतील, तर वस्तू सेवेतून काढून विकलेली समजावी.) बाणाशेजारी पुसट शाईत साल होते : १९३८.

६/ लूसनंतर तेवीस वर्षांनी! सांगावे की गप्प राहावे, हे मला कळेना. शेवटी सांगितले. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे हा बाबांचा."

७/ त्यांचे वडीलही गॉर्डनमध्येच होते. १२ जून १९४० रोजी फ्रान्समध्ये सेंट व्हॅलरी येथे ५१ व्या हायलँड डिव्हिजनने शरणागती पत्करली, तेव्हा ते पकडले गेले आणि पाच वर्षे जर्मनांच्या कैदेत राहिले. "ते कधी बोललेच नाहीत. मग आम्ही आजोबांच्याच कथा सांगत राहिलो."

८/ त्या संध्याकाळी त्यांनी पेटीवरची चिठ्ठी स्वहस्ते बदलली. मित्रांनो, घरातली कथा जरूर ऐका. पण अस्तरही एकदा उलटून पाहा.